चौथे ऑइल सील

माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या उजव्या शॉकअपचे ऑइल सील (आतले तेल बाहेर येऊ न देणारे रबरी कडे) गेल्या १४ महिन्यांत तीन वेळा बदलून झाले आहे, आणि काल संध्याकाळी तेलगावहून परळीकडे येताना सिरसाळ्याजवळ उतरून पाहतो तर त्या सीलमधून वर-खाली सरकणाऱ्या पाइपवर तेलाचे ओले कडे पुन्हा उमटलेले होते. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्याला आणि रात्री दिसतच नाहीत अशा गतिरोधकांना शिव्या देऊन मी थकलो आहे. आज माझा संताप आहे तो सील बदलले की काम संपले, असे समजणाऱ्या कारागिरीवर.

सील फाटते ते पाइपमुळे, हे समजायला इंजिनिअर असावे लागत नाही. पावसाळ्यात आपली काळी माती पाइपला चिकटते, वाळून दगडासारखी टणक होते, तिच्याखाली ओल राहून क्रोमच्या मुलाम्याखालचे पोलाद गंजते आणि तेथे बारीक खड्डे पडतात. माझ्या पाइपवरचे खड्डे नख फिरवले तरी लागतात. शॉकअप दबला की हेच खड्डे सीलच्या रबरी ओठावर कानशीसारखे फिरतात. मग सील कितीही अस्सल असो, ते किती दिवस टिकणार? मी दुसऱ्याच वेळी मेकॅनिकला म्हणालो होतो, पाइप बदला, पैसे देतो. उत्तर मिळाले, "सर, पाइपाला काय होत नसतंय, उगं खर्चात कशाला पडता?" पदरचे पैसे मोजायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाची बचत करण्याचा हा उमाळा मला आजवर कळलेला नाही. (बिल करताना तो उमाळा कोठे जातो, तेही कळलेले नाही.)

बरे, जे केले ते तरी धड करावे. नवे सील पेचकसाच्या टोकाने एकेका बाजूने ठोकून बसवले; ते सरळ आणि सारख्या दाबाने बसावे म्हणून मापाचा पाइपचा तुकडा वापरतात, पण तो दुकानात नव्हता. तेलाची गोष्ट तर विचारूच नका. प्रत्येक शॉकअपमध्ये किती मिलिलिटर तेल घालायचे ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते, आणि दोन्हींकडे ते सारखेच असावे लागते. येथे मात्र शॉकअपसाठीच्या १० डब्ल्यूच्या फोर्क ऑइलऐवजी इंजिनचे उरलेले, त्याहून जाड २० डब्ल्यू ४० तेल, तेही चहाच्या कागदी कपाने, अंदाजाने ओतले गेले. तेल जाड झाले की शॉकअप आखडतो आणि प्रत्येक खड्डा थेट मनगटात येतो. तेल जास्त झाले की वरची हवेची जागा कमी होते, शॉकअप दबताना आतला दाब वाढतो आणि तो सीलवरच येतो. म्हणजे गळती थांबवायला गेलो आणि पुढच्या गळतीची सोय करून आलो.

एवढ्यावर भागले असते तर मी गप्प बसलो असतो. गळलेले तेल ओघळत डिस्क ब्रेकवर उतरते. मागच्या महिन्यात पुढचा ब्रेक दाबला तर तो लागलाच नाही, आणि उसाच्या बैलगाडीच्या मागे जेमतेम हातभर अंतरावर गाडी थांबली. तेल प्यालेले ब्रेक पॅड पुसून भागत नाही, ते फेकावे लागतात. तो खर्च अर्थातच माझा.

आज सकाळी पुन्हा त्याच दुकानात गेलो, कारण जवळपास दुसरे नाही. पाइपवरचे खड्डे बोटाने दाखवले. त्याने फडक्याने पाइप पुसला, निरखून पाहिले आणि तितक्याच शांतपणे म्हणाला, "सर, मागचं सील डुप्लिकेट लागलं असंल. आता भारीतलं टाकतो."