‘टास्क एक्झिक्युटेड सक्सेसफुली’, म्हणे

आज सोमवार. पहाटे साडेपाच वाजता, म्हणजे यूटीसी या जागतिक वेळेप्रमाणे बरोबर मध्यरात्री, आमच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधील (इथेरियम या ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅममधील) साप्ताहिक वाटप आपोआप व्हायचे होते, आणि ते करवून घेणाऱ्या एसडीकेच्या (तयार कोडच्या संचाच्या) लॉगवर, म्हणजे नोंदींवर, विश्वास ठेवायचा तर ते झालेही. बरोबरची हिरवी खूण, शेजारी रॉकेटचे चित्र (लॉगमध्ये रॉकेट उडवणाऱ्या माणसाला मी या जन्मी क्षमा करणार नाही) आणि पुढे ते वाक्य: ‘टास्क एक्झिक्युटेड सक्सेसफुली’. सात वाजता ग्राहकाचा फोन आला की एकाच्याही वॉलेटमध्ये दमडी पोचलेली नाही.

या एसडीकेची यशाची व्याख्या ऐकून ठेवा. व्यवहार नोडकडे (ब्लॉकचेनच्या जाळ्यातल्या संगणकाकडे) सोपवला आणि हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण, हातात आला, की त्याच्या लेखी काम फत्ते. तो व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे साखळीच्या वहीच्या पानावर, गेला का, त्याची रिसीट (नोंद झाल्याची पावती) आली का, हे पाहणे त्याला कमीपणाचे वाटते. मनीऑर्डरचा फॉर्म खिडकीतून आत सरकवावा आणि ‘पैसे पोचले’ म्हणून घरी तार करावी, तशातला हा प्रकार.

व्यवहार अडकला कशामुळे, तर गॅसमुळे, म्हणजे व्यवहारासाठी मोजाव्या लागणाऱ्या शुल्कामुळे. गेल्या आठवड्यापर्यंत हाच एसडीके बेस फी (नेटवर्कने ठरवलेला मूळ दर) दुप्पट धरून तिच्यावर टिप (व्यवहार ब्लॉकमध्ये घेणाऱ्याचे बक्षीस) लावून कमाल मर्यादा ठरवत असे. नव्या आवृत्तीत, आणि तीही म्हणे किरकोळ आवृत्ती, कोणा शहाण्याने खर्च वाचवण्याच्या नावाखाली ती दुप्पट काढून टाकली. अहो, कमाल मर्यादा ही मर्यादा असते, ती काही सगळीच्या सगळी कापली जात नाही. मग वाचवलेत ते काय? ब्लॉक गच्च भरला की पुढच्या ब्लॉकची बेस फी साडेबारा टक्क्यांपर्यंत चढते, ब्लॉक बारा सेकंदांना एक पडतो, म्हणजे सलग सहा भरलेले ब्लॉक आले तर बहात्तर सेकंदांत फी दुप्पट होते. बेस फीचा हा नियम इथेरियममध्ये ऑगस्ट २०२१ पासून आहे, आणि हा हिशेब पाचवीतल्या मुलालाही करता येईल, पण एसडीके लिहिणाऱ्यांना तो करावासा वाटला नाही.

आणि एक व्यवहार अडकून प्रकरण थांबते थोडेच! नॉन्स (खात्यातल्या व्यवहारांचा अनुक्रमांक) ४१२ दारात आडवा पडला, म्हणून ४१३ आणि ४१४ त्याच्या मागे ताटकळत उभे, आणि त्या दोन्ही टास्कच्या नावापुढेही तीच हिरवी खूण, तेच रॉकेट. एसडीकेमध्ये व्यवहार बदलण्याची सोय नाही, म्हणून मी हाताने बदली व्यवहार पाठवायला बसलो. आधीची मर्यादा १४ ग्वेई (ग्वेई म्हणजे ईथर या इथेरियमच्या चलनाचा अब्जांश) होती. मी कोकणस्थी हात आखडून ती १५ केली, तर उत्तर आले ‘रिप्लेसमेंट ट्रान्झॅक्शन अंडरप्राइस्ड’, कारण वाढ निदान दहा टक्के हवी. मग रागाने सरळ २० केली, तरी अक्षर न बदलता तेच उत्तर. वीस मिनिटे डोके आपटल्यावर आठवले की दहा टक्के नुसत्या मर्यादेत वाढवून भागत नाही, टिपही तितकीच वाढवावी लागते. ‘टिप कमी पडली’ एवढे तीन शब्द त्या संदेशात लिहिले असते, तर कोणाचे काय जाणार होते?

आता तोंड उघडलेच आहे तर बाकीचेही ऐका. इथेरियमची चाचणीची जाळीच बघा: रॉप्स्टेन गेले, रिंकेबी गेले, गोर्ली गेले, आणि प्रत्येक वेळी सगळी टेस्ट स्क्रिप्ट्सची बिऱ्हाडे आम्हीच हलवली. सेपोलिया या चाचणीच्या जाळ्यावर फुकटचे ईथर मागायला जावे, तर काही फॉसेट (ते वाटणाऱ्या साइट्स) आधी मेननेटवर, म्हणजे मुख्य जाळ्यावर, खरे ईथर दाखवा म्हणतात. म्हणजे भीक मागण्यासाठी सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट. ईथरचे दशांश १८ आणि यूएसडीसीचे (डॉलरशी बांधलेल्या चलनाचे) ६, हे ठाऊक असूनही उदाहरणात सगळीकडे १८ ठोकून देणारे दस्तऐवज वेगळेच. त्याच दस्तऐवजांच्या पहिल्या पानावर ‘पाच ओळींत ऑटोमेशन’ असे मिरवले आहे. सहाव्या ओळीपासून पुढे जे होते ते आम्ही पहाटे लिहितो.

इतका सगळा शिमगा करून झाल्यावर मी मदत-वाहिनीवर एक सणसणीत तक्रार लिहायला घेतली, आणि पुरावा जोडावा म्हणून आमची पॅकेज फाइल उघडली. एसडीकेच्या आवृत्तीमागे कॅरटचे (^) चिन्ह होते, म्हणजे नवी किरकोळ आवृत्ती आली की आपोआप घ्या. ते मीच घातले होते. आवृत्ती पक्की बांधून ठेवणारी लॉकफाइल नव्हतीच, कारण गेल्या गुरुवारी दुसरीच एक कटकट मिटवताना ती मीच उडवली होती, आणि त्या कमिटचा (कोडबदलाच्या नोंदीचा) संदेश होता ‘किरकोळ साफसफाई’. पेंडिंग व्यवहारांचे इशारे ज्या गटात येतात, तो गटही मीच गेल्या महिन्यात म्यूट करून ठेवला आहे, कारण तिथे फार रॉकेट येतात. तक्रार अर्धवट टाकून मी चहा केला.

एसडीकेने रिसीटची वाट पाहिली नाही, हा माझा आक्षेप मात्र कायम आहे. पण दोष द्यायचा तरी कोणाला? स्मार्ट म्हणवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टला मुळात स्वतःहून जागच येत नाही, त्याला बाहेरून कोणीतरी ढोसावे लागते. ढोसायला आम्ही एसडीके ठेवला, आणि एसडीकेला ढोसायला फोनवर पुढच्या सोमवारचा पहाटे पाच पंचविसाचा गजर लावला आहे. खबरदारी म्हणून दुपारी एक पहारेकरी स्क्रिप्टही लिहिली, जी दर मिनिटाला अडकलेले नॉन्स तपासते. ती त्याच एसडीकेवर चालते, आणि मघाशीच तिने पहिला लॉग छापला आहे, रॉकेटसकट.