कमान नको, कपाट मागा

आज दुपारी एका तालुक्याच्या गावातल्या छोट्या संग्रहालयाचा प्रस्ताव आणि त्याला एका कंपनीकडून आलेलं उत्तर, दोन्ही एकदम वाचायला मिळालं. उत्तर एका ओळीचं: आपला प्रस्ताव आमच्या प्राधान्यक्रमात बसत नाही. प्रस्ताव चार पानांचा. साडेतीन पानं गावाच्या देदीप्यमान इतिहासावर आणि उरलेल्या अर्ध्या पानावर अंदाजपत्रक. स्वागत कमान ५ लाख, अंतर्गत सुशोभीकरण १० लाख, टचस्क्रीन ३ लाख. एकूण १८ लाख, 'संग्रहालयाचा सर्वांगीण विकास'.

नक्की कुणावर चिडावं हेच कळेना. म्हणून दोघांवर चिडते.

प्रस्तावाला जोडलेल्या फोटोंमध्येच सगळं दिसतंय. मोडी कागदांचे ४० रुमाल, म्हणजे लाल कापडात बांधलेले गठ्ठे, पश्चिमेच्या भिंतीला चिकटवलेल्या लाकडी मांडणीवर रचलेत. भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत ओल चढलीय आणि खालच्या फळीवरच्या बासनांना काळे डाग पडलेत. नाणी लाल मखमलीवर चिकटवलीत, काही चिंचेनं घासून लखलखीत केलेली. अंगणातल्या वीरगळांना चंदेरी ऑइलपेंट. आणि या सगळ्याबद्दल चार पानांत एक शब्द नाही! तिथले सचिव निवृत्त शिक्षक आहेत, गाव त्यांना गुरुजी म्हणतं. सगळी मंडळी सज्जन, स्वतःच्या पेन्शनीतून लाइटबिल भरणारी. पण मागितली काय, तर कमान.

छोटं अनुदान म्हणजे दोन, तीन, फार तर पाच लाख. एवढ्या पैशांत संग्रहालयाचा विकास होत नाही. एका खोलीतला एक त्रास मात्र कायमचा मिटतो. तेवढंच मागायचं असतं. देणाऱ्याच्या टेबलावर सत्तर अर्ज असतात आणि सगळ्यांत 'समृद्ध वारसा' असतो. 'पश्चिमेच्या भिंतीलगत पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली येत नाही, तिथे ४० रुमाल आहेत, ते हलवायला दोन लोखंडी रॅक आणि ४० खोकी हवीत' असं लिहिणारा सत्तरांत एखादाच.

आता हा ८५चा आकडा कुठून आणायचा? आर्द्रतामापक घ्या, साधा डिजिटल, काही शेकड्यांत मिळतो. तो भिंतीपासून हातभर अंतरावर, छातीच्या उंचीवर ठेवा. खिडकीत किंवा पंख्याखाली नको. सकाळी १० आणि संध्याकाळी ५ वाजता वहीत नोंद. जून ते सप्टेंबर एवढं केलं की त्या वहीची झेरॉक्स हाच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. सापेक्ष आर्द्रता ६५-७०च्या वर टिकून राहिली की कागदावर, कापडावर, चामड्यावर बुरशी धरते, हे देणाऱ्याला एका वाक्यात सांगा आणि शेजारी वही ठेवा. मग इतिहासाची साडेतीन पानं लागत नाहीत. पाव पान पुरतं.

मग अंदाजपत्रक. 'सुशोभीकरण १० लाख' हे अंदाजपत्रक नव्हे, ती इच्छा झाली. गुरुजींच्या खोलीचं खरं अंदाजपत्रक असं होईल: पावडर कोटिंग केलेले स्टीलचे रॅक, सगळ्यात खालची फळी जमिनीपासून निदान ६ इंच वर, मागची बाजू भिंतीपासून ६ इंच लांब. आम्लमुक्त बोर्डाची ४० खोकी, पण मापं रुमाल प्रत्यक्ष मोजून, अंदाजानं नाही. लाल कापडाऐवजी न रंगवलेलं मांजरपाट, दर रुमालाला चौरस मीटरभर, म्हणजे एक मीटर पन्ह्याचं ४० मीटर. ते आधी धुवून खळ काढायची आणि आटतं म्हणून ४५ मीटर घ्यायचं. लाल रंग ओलीत उतरतो आणि कागदावर बसतो, तो पुन्हा निघत नाही. शिवाय तीन डेटा लॉगर, म्हणजे आर्द्रतेची आपोआप नोंद ठेवणारी यंत्रं: एक खोलीत, एक कपाटात, एक बाहेर व्हरांड्यात. बाहेरचा नसेल तर आतल्या आकड्याला अर्थ नाही. प्रत्येक ओळीवर जीएसटी वेगळा दाखवा. जीएसटी नोंदणी नसलेल्या ट्रस्टला तो परत मिळत नाही, आणि बहुतेकांचं गणित तिथेच फसतं: ३ लाख मंजूर होतात, बिल ३ लाख ५४ हजारांचं येतं आणि ५४ हजार कोणी द्यायचे यावर विश्वस्तांची बैठक बसते. वाहतूक, हमाली, बसवणूक याही ओळी टाका.

ओल आधी थांबवली नाही तर मात्र रॅकचा उपयोग नाही. बऱ्याचदा कारण फालतू असतं. पन्हळ फुटलेली, बाहेरच्या जमिनीचा उतार भिंतीकडे, किंवा कुणी हौसेनं भिंतीलगत लावलेली बाग आणि तिला रोज पाणी. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारून ओल जात नाही, आत कोंडते आणि आणखी वर चढते. पन्हळ आणि उतार हे पहिल्या ओळीत घ्या. नव्या गिलाव्याचं पाणी महिनोन्महिने सुटत राहतं, म्हणून त्या खोलीत वस्तू लगेच परत न्यायच्या नाहीत. नवं रंगवलेलं कपाटसुद्धा तीन-चार आठवडे उघडं ठेवायचं.

नाण्यांचं तर काय सांगू. प्लायवूडमधून आम्लाच्या वाफा निघतात, बंद काचपेटीत त्या साठतात आणि शिशाच्या वस्तू पांढऱ्या पडतात. चिंचेनं घासलेल्या नाण्यावरची अक्षरंच जातात. पारदर्शक पीव्हीसी पाकिटांचे अल्बम तर हौशी संग्राहकांनी घरोघर पोचवलेत. त्यातून तांब्याच्या नाण्यांवर हिरवा चिकटा येतो. पॉलिएस्टरची पाकिटं मागा. पेटीतली ओल शोषायला सिलिका जेल मागायचं तर हिशोब द्या: एक घनमीटर पेटीला २० किलो असा जुना ठोकताळा आहे. १.२ मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद, ५० उंच पेटी म्हणजे ०.३६ घनमीटर, म्हणजे सव्वासात किलो. चार पुड्या ठेवून काही होत नाही. रंग बदलणारं घ्या, बदलला की ओव्हनमध्ये कोरडं करून परत वापरता येतं. आणि पेटीचं दार नीट बसत नसेल तर २० किलो ठेवा नाहीतर ४०, दोन दिवसांत गार.

कसर लागलेल्या कापडासाठी डीप फ्रीझर हा सगळ्यात स्वस्त, विषाशिवायचा उपाय आहे. वस्तू पॉलिथिनमध्ये हवाबंद करायची, उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवायची, बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर दव धरतं. (रंगवलेली, हस्तिदंती वस्तू त्यात टाकू नका.) हे मागितलं की देणारे विचारतात, फ्रीझर कशाला, आइस्क्रीमला? विचारू दे. कारण लिहून द्या.

आणि सगळ्याच्या आधी नोंदवही. किती वस्तू आहेत हे ज्याला सांगता येत नाही त्याला कोणी का द्यावं? गुरुजींच्या प्रस्तावात 'हजारो दुर्मीळ वस्तू' आहेत. फोटोंत मला हजारो दिसत नाहीत. इक्रोम या वारसा जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची री-ऑर्ग नावाची पद्धत आहे, छोट्या संग्रहालयांच्या भांडारांसाठीच केलेली. तिची कसोटी मला फार आवडते: कोणतीही वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे, आणि ती काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागता कामा नयेत. हीच कसोटी प्रस्तावात 'अपेक्षित परिणाम' म्हणून लिहा. आज इतक्या वस्तू तीन मिनिटांत सापडतात, वर्षअखेर इतक्या सापडतील. 'वारशाबद्दल जनजागृती' कुणाला मोजता येत नाही, हे मोजता येतं.

क्रमांक घालताना स्टिकर नको, बॉलपेन तर नकोच. दगड-धातूवर पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक राळेचा पातळ थर, वर शाईनं बारीक क्रमांक, त्यावर पुन्हा थर. ॲसिटोननं सगळं निघतं. कागदावर मऊ पेन्सिल. नाण्यावर काहीच नाही, क्रमांक पाकिटावर.

आता कागदपत्रं. इथे निम्मे प्रस्ताव मरतात, आणि कुणाला कळतही नाही. धर्मादाय आयुक्तांकडच्या उताऱ्यावर, म्हणजे शेड्यूल वनवर, ज्या विश्वस्तांची नावं आहेत त्यांतले दोन वारलेले असतात, एक पुण्याला मुलाकडे गेलेला असतो आणि नव्यांचा चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून. बँकेत सही एकाची, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. विश्वस्त बदलल्याचा हा चेंज रिपोर्ट बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. उशीर झाला असेल तर माफीच्या अर्जासह द्या, पण द्या. आयकर सवलतीच्या १२ए आणि ८०जी नोंदणीची मुदत तपासा, जुनी कायमची नोंदणी आता चालत नाही. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी हवा तर सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो, त्याला विश्वस्ताची डिजिटल सही आणि सीएचं प्रमाणन लागतं. सरकारी पैशाला एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा क्रमांक. तीन वर्षांचे ऑडिट. आणि वस्तू संस्थेच्या आहेत याचा पुरावा: 'देशमुखांनी दिली' पुरत नाही. देणाऱ्यांच्या वारसांकडून एक-एक पानाचं दानपत्र करून घ्या, वारस अजून प्रेमानं बोलतायत तोवर.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना आहेच, कमेंटमध्ये कोणीतरी ती टाकणारच म्हणून आधीच लिहिते. ती मोठ्या कामांसाठी आहे, तिला सविस्तर प्रकल्प अहवाल लागतो, स्वतःचा हिस्सा लागतो. गुरुजींच्या संस्थेला तो अहवाल करून घ्यायचा खर्चच झेपणार नाही.

आणि आता देणाऱ्यांकडे वळते, कारण लिहिता लिहिता राग तिकडे सरकलाय. २०१३च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला आणि संस्कृतीचं जतन स्वच्छ लिहिलेलं आहे. तरी फॉर्ममध्ये विचारणार, 'थेट लाभार्थी किती?' चाळीस रुमालांचे लाभार्थी किती? अजून जन्मलेले नाहीत त्यातले निम्मे! देणाऱ्यांना फीत कापायला काहीतरी हवं असतं. म्हणून कमानी होतात, म्हणून दोन वर्षांत बंद पडणारे टचस्क्रीन येतात, म्हणून दात्याची पाटी वस्तूच्या माहितीफलकाहून मोठी असते. गुरुजींनी कमान का मागितली? कमानीला पैसे मिळतात हे गावोगाव बघून! बरं, कंपनीलाही वार्षिक अहवालात छापायला फोटो लागतो, हे मान्य. रॅकचा फोटो काढा ना मग. आधीचा आणि नंतरचा, त्याच कोनातून.

अमेरिकेत छोट्या संस्थांसाठी १० हजार डॉलरपर्यंतचं जतनाचं एक सरकारी अनुदान होतं. त्यात तज्ज्ञाकडून पाहणी, खोकी, रॅक, आर्द्रता मोजणं असल्या रुक्ष गोष्टींनाच पैसे मिळत. ते देणाऱ्या संस्थेलाच २०२५मध्ये कात्री लागली, म्हणजे तिकडेही फार हुरळून बघण्यासारखं राहिलं नाही. पण रुक्ष कामाला पैसे देणारा फॉर्म निघू शकतो, एवढं त्यातून सिद्ध होतं. आपल्याकडे एखादी पतसंस्था, एखादा साखर कारखाना, शाळेची माजी विद्यार्थ्यांची एखादी बॅच असा एका पानाचा फॉर्म काढू शकत नाही का?

पैसे मिळाले की दुसरी कसरत. रक्कम फेब्रुवारीत येते आणि ३१ मार्चच्या आत संपवायची असते. म्हणून तीन वेगवेगळ्या पुरवठादारांची कोटेशन आधीच काढून ठेवा, त्यांची वैधता मार्चअखेरपर्यंत लिहून घ्या, आम्लमुक्त बोर्ड किती दिवसांत येतो ते विचारा. तो तालुक्याच्या दुकानात मिळत नाही. केंद्राचं अनुदान असेल तर उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यात द्यावं लागतं आणि त्या पैशावर बँकेत मिळालेलं व्याजही परत करावं लागतं. वेगळं खातं उघडलं नसेल तर ते व्याज मोजताना सीए वैतागतो आणि वैतागाचे वेगळे पैसे घेतो. कागद दुरुस्तीचं काम पावसाळ्यात धरू नका. आणि आग विझवायला एबीसी पावडरचं नळकांडं कागद-धातूच्या खोलीत नको, त्या पावडरनं धातू गंजतो. विजेच्या आगीसाठी कार्बन डायऑक्साइडचं ठेवा.

गुरुजींना हे सगळं एका फोनमध्ये सांगता येणार नाही. कोणीतरी जवळच्याने जाऊन त्यांच्याबरोबर बसायला हवं. चार पानांत एकाही ठिकाणी स्वतःचं नाव न लिहिणारा माणूस आहे तो. ती साडेतीन पानं त्यांनी रात्री जागून लिहिली असणार, अक्षर वळणदार आहे, एक खाडाखोड नाही. तेच अक्षर नोंदवहीला मिळालं तर काय बहार होईल. पहिल्या शंभर वस्तूंसाठी वही, फूटपट्टी, मोबाइलचा कॅमेरा आणि दोन कॉलेजची मुलं पुरतात. हे काम अनुदानाआधी होतं, आणि ते झालेलं असलं की पुढचा प्रस्ताव दीड पानात बसतो.

ज्यांच्याकडे सध्या असा प्रस्ताव चालू आहे त्यांनी फक्त अंदाजपत्रकाचं पान इनबॉक्समध्ये पाठवा, खुणा करून परत देईन. आणि पन्हळीचा फोटोही पाठवा.