डुप्लिकेटपासून सावध!

परभणीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. बारसं, वाढदिवस, श्रद्धांजली, दुकानाचं उद्घाटन, सगळं माझ्याच मशीनमधून निघतं. त्यामुळे धंदा कसा उघडावा हे बँकेतल्या साहेबापेक्षा मला जास्त कळतं. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणतात, पण बनवायचं कसं हे कुणी सांगत नाही. तुम्ही हळदीचा, मसाल्याचा, चहाचा, कशाचाही धंदा काढणार असाल तर आधी माझ्याकडे या. वकील नंतर. तो तसाही नंतरच लागतो.

पहिलं काम नावाचं. नवं नाव शोधत बसू नका, डोकं दुखतं. गावात चालतंय ते बघा आणि त्याला जरासा धक्का द्या. समोरचा ‘माउली मसाले’ असेल तर तुम्ही ‘न्यू माउली मसाले’. रंग तोच, अक्षराचं वळण तेच. खाली ‘डुप्लिकेटपासून सावध’ मात्र आठवणीनं टाका. ही ओळ ज्यानं नक्कल केलीय तोच सगळ्यात मोठ्या अक्षरात मागतो, हा माझा अनुभव. गिऱ्हाईक काय अक्षरं मोजत बसतं? कायदाही म्हणतो, नाही मोजत, आणि नेमकं त्याच मुद्द्यावर तुम्हाला धरतो. दोन पाकिटं शेजारी ठेवून भिंगानं बघायची नसतात. साधारण अकलेच्या, अर्धवट आठवणीच्या माणसाचा घोळ होईल का, एवढंच कोर्ट बघतं.

‘पण त्यानं तरी नाव कुठं नोंदवलंय?’ असं तुम्ही म्हणाल. शाब्बास! ट्रेडमार्कची नोंदणी नसली तरी ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे माझ्या नावावर हा स्वतःचा माल खपवतोय असा, दावा टाकता येतो, हे त्याला माहीत नसेल अशी आशा ठेवा. आणि माहीत झालंच, तर त्याच्याकडे जुनी बिलं नसावीत अशी परळीच्या वैजनाथाला प्रार्थना करा. नाव आधीपासून कोण वापरतंय, ते सिद्ध करायला कागद लागतात ना.

स्वतः मात्र नोंदणीच्या भानगडीत पडू नका. एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी 4500 रुपये, तीही मालाच्या एका वर्गापुरती. नोंदणी 10 वर्षं टिकते, मग नूतनीकरण करायचं. तेवढ्या पैशात मी तुम्हाला केवढा तरी फ्लेक्स देतो, वर पुढाऱ्याचा फोटो फुकट. एका पावसाळ्यात रंग उतरतो, ते सोडा. नावापुढं गोलातला ‘आर’ हवा असेल तर तोही टाकून देतो. नोंदणी नसताना तो लावणं कायद्यात बसत नाही, पण गोलाचे मी वेगळे पैसे घेत नाही.

फोटो काढायला फोटोग्राफर कशाला? मोबाइलवर दुसऱ्यांचे आयते सापडतात ना. एकानं वसमतच्या हळदीच्या पाकिटासाठी फोटो पाठवला, त्यात हळदीऐवजी आलं होतं. दोघांच्याही लक्षात आलं नाही, पाकिटं खपली. फोटो काढला त्या क्षणी 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं त्यावर काढणाऱ्याचा हक्क लागू होतो, त्याला नोंदणीसुद्धा लागत नाही. पण फोटोवरचं पुसट नाव मी इतकं छान घालवतो की तुम्हाला तो कायदा आठवायचाही नाही.

फळांचा धंदा असेल तर आणखी सोपं. मराठवाड्याचा केसर आंबा, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, यांना भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे ते नाव त्या मुलखातल्या मालाचं. तुम्ही फक्त खोक्यावर छापा, ट्रक कुठून आला ते कोण विचारतंय! ज्याची बाग खरोखर बीड जिल्ह्यात आहे, तो बिचारा त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव लावून घ्यायचं राहून गेलेला, साध्या खोक्यात माल भरतो.

बियाण्याचं मात्र मला विचारू नका. 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला घरचं बी ठेवायची, शेजाऱ्याला द्यायची, विकायचीसुद्धा मुभा आहे. फक्त ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. एक जण कंपनीच्या पिशवीचा नमुना घेऊन आला होता, तशाच 500 छापून द्या म्हणाला. मी त्याला चहा पाजून घालवून दिला. दुबार पेरणी काय असते ते आमच्या घरानं बघितलंय.

भागीदारी? मेव्हण्याबरोबर करा आणि कागद करू नका. घरातल्या माणसाशी कागद म्हणजे अविश्वास, आणि आता तर 100 चा स्टँप 500 वर गेलाय. नोंदणी नसलेल्या फर्मला अडकलेली उधारी वसूल करायला बाहेरच्यावर दावा टाकता येत नाही. मेव्हण्यानं फर्मच्या नावावर केलेली उधारी मात्र सगळीच्या सगळी तुमच्याकडून वसूल होऊ शकते. दिवाळीला बहिणीकडे जाल तेव्हा बोला.

मागच्या महिन्यात त्या ‘न्यू’वाल्याला नोटीस आली. गुन्हा शाबीत झाला तर 6 महिने ते 3 वर्षं कैद, 50 हजार ते 2 लाख दंड. नोटिशीत दुसरं नाव माझं. खोटं चिन्ह उठवायचा ठसा नाहीतर साचा जवळ बाळगणाराही त्यात येतो म्हणे. माझ्या कॉम्प्युटरमधल्या फाइलला ठसा म्हणायचं का, यावर वकीलसाहेब विचार करायलेत. तारखेगणिक.

त्यात आमच्याच दुकानातला कामाचा पोरगा, सहा वर्षं माझ्याकडे शिकलेला, त्यानं पलीकडच्या गल्लीत दुकान टाकलं. नाव माझंच, पुढं ‘न्यू’. खाली मोठ्या अक्षरात ‘डुप्लिकेटपासून सावध’. मी तडक वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, ‘काळजी करू नका भाऊ, पासिंग ऑफचा दावा टाकू. तुमची जुनी बिलं तेवढी आणा.’

आता त्यांना कसं सांगू, बिल मी आजवर कुणालाच फाडलेलं नाही.