रस्ता मोजलाय कशाने?

आपल्याकडचा शर्यतींचा हंगाम पावसातच सुरू होतो. आधी साताऱ्याचा यवतेश्वर घाट, डिसेंबरात पुणे आणि वसई-विरार, मग जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई. या मोठ्या नावांच्या मधले रविवारही रिकामे नसतात, कारण आता तालुक्याच्या गावातला रनिंग क्लबसुद्धा पाच, दहा, एकवीस किलोमीटरची शर्यत भरवतो. ही फार चांगली गोष्ट आहे. पण ग्रुपवर पोस्टर पडलं की खालचे प्रश्न ठरलेले असतात: मेडल केवढं आहे, टी-शर्ट ड्रायफिट आहे का, नाश्त्याला काय. रस्ता कशाने मोजला, हे मात्र कुणीच विचारत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ज्यांनी रस्ता नीट मोजलेला नाही, त्यांनी पोस्टरवर ‘हाफ मॅरेथॉन’ लिहू नये. ‘गावाची दौड’ लिहावं, लोक तितक्याच आनंदाने धावतील. पण हाफचा 21.0975 किलोमीटर हा आकडा छापला की तो पाळायची जबाबदारी आली. दोन तासांच्या आत यायचं म्हणून कुणी चार-चार महिने पहाटे साडेचारला उठतो. रस्ता 300 मीटर कमी भरला, तर त्याच्या वेगाने तब्बल 1 मिनिट 42 सेकंद फुकट मिळतात. त्या खोट्या पीबीवर, म्हणजे स्वतःच्या सर्वोत्तम वेळेवर, तो पुढच्या शर्यतीचा वेग ठरवतो आणि तिथे सोळाव्या किलोमीटरला पाय उचलत नाहीत. बॉस्टन मॅरेथॉन किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी पात्रता वेळ लागते, आणि ती रीतसर मोजलेल्या मार्गावरचीच चालते. आपल्याकडून दरवर्षी कॉम्रेड्सला जाणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे.

ही चूक फक्त लहान गावात होते असंही नाही. इंग्लंडमधल्या मँचेस्टर मॅरेथॉनचा मार्ग 2013, 2014 आणि 2015 अशी तीन वर्षं 380 मीटर कमी होता, हे 2016 मध्ये उघड झालं आणि हजारो लोकांच्या वेळा बाद ठरल्या. तिकडच्याच ब्रायटनला 2021 मध्ये मार्ग उलट 568 मीटर जास्त भरला.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मोजणी कशी होते? कोणीतरी मोटारसायकल काढतं आणि मीटर बघून ‘झाले दहा’ म्हणतं. मोटारसायकलचा मीटर टायरची झीज आणि हवेनुसार बदलतो, शिवाय गाडी लेनच्या मधून जाते. दुसरी पद्धत गूगल मॅपची. नकाशावरची रेघ रस्त्याच्या मध्यातून जाते, रनर मात्र वळणाच्या आतल्या कडेने जातो. म्हणजे नकाशावर पुरे भरलेले दहा किलोमीटर पायाखाली कमीच भरतात. तिसरी पद्धत सगळ्यांची लाडकी, पाच जणांची जीपीएस घड्याळं लावायची आणि सरासरी काढायची. पाच चुकलेल्या आकड्यांची सरासरी बरोबर येईल, याची काहीच खात्री नाही. झाडीत, उड्डाणपुलाखाली, उंच इमारतींच्या मधे जीपीएस इकडे-तिकडे उडतो आणि अशा उड्या अंतरात मिळवल्या जातात. घाटाच्या बाबतीत एक गैरसमज मात्र काढून टाका. ‘नकाशा चढ मोजत नाही म्हणून फरक पडतो’ असं म्हणतात, पण 5 टक्के चढावर हा फरक किलोमीटरमागे जेमतेम सव्वा मीटर आहे. घाटातला खरा फरक वळणांमुळे पडतो.

बरोबर पद्धत जुनी, साधी आणि जगभर एकच आहे, ती म्हणजे सायकल. पुढच्या चाकाच्या आसावर जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र बसवतात. चाकाच्या एका फेऱ्यात ते साधारण साडेतेवीस आकडे पुढे जातं, म्हणजे रस्त्यावरच्या दर नऊ सेंटिमीटरला एक आकडा. हे यंत्र मीटर दाखवत नाही, नुसते आकडे दाखवतं. त्या आकड्यांचे मीटर करायला आधी कॅलिब्रेशन लागतं.

त्यासाठी सरळ, सपाट, कमी रहदारीचा किमान 300 मीटरचा पट्टा शोधा. एमआयडीसीतले रस्ते रविवारी सकाळी यासाठी उत्तम. पट्टा मोजायला स्टीलचीच टेप घ्या, 30 किंवा 50 मीटरची. फायबरची टेप ताणली जाते, ती चालणार नाही. टेप साधारण पाच किलोच्या ताणाने ओढायची, प्रत्येक टप्प्याला चिकटपट्टीवर पेनने बारीक रेघ मारायची आणि सगळं दोनदा मोजायचं. टेपवरचं माप 20 अंश तापमानाला बरोबर असतं. 35 अंशाला स्टील प्रसरण पावतं आणि 300 मीटरला सुमारे 5 सेंटिमीटरचा फरक पडतो. तेवढी दुरुस्ती करायची.

मग त्या पट्ट्यावरून सायकल चार वेळा न्यायची. सायकलवर तोच माणूस, तीच सॅक, तीच टायरमधली हवा. समजा चार फेऱ्यांची सरासरी 3,372 आली. 300 ने भागलं की मीटरला 11.24, म्हणजे किलोमीटरला 11,240 आकडे. आता याला 1.001 ने गुणायचं. हा हजारात एकचा भाग मुद्दाम जास्तीचा धरतात, म्हणजे मोजणीत थोडी चूक झालीच तरी मार्ग कमी भरू नये. हिशोब येतो किलोमीटरला 11,251 आकडे. या नियमाने फुल मॅरेथॉनचा मार्ग जवळपास 42 मीटर जास्त आखला जातो, हाफचा 21 आणि दहा किलोमीटरचा 10 मीटर. रनरची फसवणूक होते असं वाटून घेऊ नका, ‘कमी भरला’ या आरोपापासून तुमची वेळ वाचवणारं हे कुंपण आहे.

मार्ग मोजून झाला की परत त्याच पट्ट्यावर यायचं आणि पुन्हा चार फेऱ्या मारायच्या. कंटाळून लोक नेमका हाच भाग सोडतात. ऊन चढलं की टायरमधली हवा तापते, चाक किंचित मोठं होतं आणि किलोमीटरला आकडे कमी पडतात. जानेवारीत पहाटे 12 अंश आणि दुपारी 30 असतात, तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसतो. पहाटे कॅलिब्रेशन आणि उन्हात मोजणी केली तर मार्ग थोडा जास्त भरतो, ते एक वेळ चालेल. दुपारी कॅलिब्रेशन करून दुसऱ्या दिवशी पहाटे मोजलात, तर मार्ग कमी भरणार. सगळ्यात वाईट म्हणजे मोजताना बारीक पंक्चर. हवा हळूहळू उतरते, चाक लहान होतं, आकडे भराभर वाढतात आणि तुम्ही मार्ग लवकर संपवून टाकता. हे पकडायचा एकच उपाय, शेवटच्या चार फेऱ्या.

सायकल चालवायची कुठून, हा पुढचा मुद्दा. नियम असा की रनरला जितका जवळचा रस्ता घेता येईल तितका घ्यायचा, वळणावर कडेपासून 30 सेंटिमीटर ठेवून, आणि दोन वळणांच्या मधे सरळ रेघेत. पण आपल्या रस्त्यांवर खरा प्रश्न वेगळाच असतो, शर्यतीच्या दिवशी किती रस्ता मिळणार हा. अख्खा रस्ता मिळेल म्हणून आतली वळणं धरून मोजलं आणि त्या दिवशी पोलिसांनी एक लेन वाहनांना सोडली, तर लोक जास्त धावतात. डावी लेन धरून मोजलं आणि त्या दिवशी रस्ता मोकळा सोडला, तर लोक वळणं कापतात आणि मार्ग कमी होतो. म्हणून वाहतूक पोलिसांशी आधी बोला, सायकल नंतर काढा. आणि जिथे लेन धरून मोजलंय, तिथे प्रत्येक वळणावर कोन, म्हणजे रस्त्यावर ठेवायचे प्लास्टिकचे शंकू, हवेतच. गणपती-नवरात्राच्या दिवसांत शर्यत असेल तर मांडव कुठपर्यंत येतो, तेही बघून ठेवा.

आता यू-टर्न. आपल्या गावोगावच्या शर्यती बहुतेक ‘जा आणि परत या’ अशा असतात, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त गोंधळ या एका कोनमुळे होतो. पहाटे पाचला अंधारात एखादा कॉलेजचा पोरगा टेम्पोतून उतरतो, त्याला सांगितलेलं असतं ‘पेट्रोल पंपाच्या पुढे’. तो पंपापुढे 40 मीटरवर कोन ठेवतो, खरी जागा 90 मीटरवर असते. चूक 50 मीटरची, पण जाताना 50 आणि येताना 50, मार्ग 100 मीटर कमी. त्या पोराची यात काहीच चूक नाही, त्याला नुसता अंदाज दिला होता.

जागा कायमची नोंदवायची असते. मोजणी झाली की तिथे डांबरात काँक्रीटमध्ये ठोकतात तसला खिळा वॉशरसकट ठोका, भोवती रंगाचा ठिपका द्या. रंग एका पावसाळ्यात जातो, खिळा रस्त्याचं नवं डांबरीकरण झालं की गाडला जातो, म्हणून शेजारच्या कायमच्या खुणेपासून टेपने अंतर लिहून ठेवा: ‘महावितरणचा खांब, अमुक नंबर, पुण्याच्या दिशेने 4.20 मीटर.’ खांब एक नको, दोन हवेत, कारण रस्ता रुंद झाला की पहिली गदा खांबावरच येते. कागदावर हाताने नकाशा काढा, फोटो घ्या आणि स्टार्ट, फिनिश, प्रत्येक यू-टर्न यांची एकेक प्रत क्लबच्या फाइलमध्ये ठेवा. अधिकृत मोजणीचं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, पण मार्ग तोच राहिला तरच. एक चौक बदलला की मोजणी पुन्हा.

आदल्या संध्याकाळी परवानगीत बदल होतोच. कुठे पाइपलाइनचं खोदकाम निघतं, कुठे सभा असते. अशा वेळी घाबरून स्टार्ट लाइन सरकवू नका, तिथे वेळ नोंदवणाऱ्या चिपची मॅट, कमान सगळं लागलेलं असतं. नवा तुकडा आणि जुना तुकडा दोन्ही मोजा. 120 मीटर कमी झाले असतील तर यू-टर्न 60 मीटर पुढे न्या. साधं गणित आहे, पण रात्री अकरा वाजता दमलेल्या माणसाकडून 120 च पुढे नेले जातात. दोन जणांनी वेगवेगळं गणित करून ताळा करा.

किलोमीटरच्या पाट्यांबद्दलही बोललंच पाहिजे. चुकीची पाटी ही पाटी नसण्यापेक्षा वाईट. तिसऱ्या किलोमीटरची पाटी 150 मीटर पुढे लागली, तर सहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटांनी, धावणाऱ्याला घड्याळात 6:54 दिसतात. त्याला वाटतं आपण मागे पडलो, तो वेग वाढवतो आणि त्याची किंमत पंधराव्याला मोजतो. पाट्या रात्री वाऱ्याने पडतात, कुणी हौसेने हलवतं, म्हणून प्रत्येक पाटीखाली रस्त्यावर रंगाची खूण हवी. सगळ्या पाट्या जमत नसतील तर पाच, दहा, पंधरा, वीस एवढ्याच लावा, पण बरोबर लावा.

एवढं आयोजकांना. आता रनर मंडळींना. फिनिश झाल्या झाल्या घड्याळाचा फोटो टाकून ‘21.38 दाखवतंय, मार्ग चुकीचा’ असं लिहू नका. नीट मोजलेल्या हाफमध्ये घड्याळाने 21.2 ते 21.4 दाखवणं अगदी स्वाभाविक आहे. अर्धवर्तुळाकार वळण चार मीटर बाहेरून घेतलं की साडेबारा मीटर वाढतात. अशी दहा वळणं म्हणजे सव्वाशे मीटर. त्यात पाण्याच्या टेबलासाठी आडवं जाणं, पुढच्या घोळक्याला वळसा आणि जीपीएसच्या उड्या. संशय घ्यायचाच असेल तर घड्याळ 21.0 किंवा त्याहून कमी दाखवेल तेव्हा घ्या. आणि तेही एकाचं नाही, पन्नास जणांचं.

याचा उपयोग पेस ठरवताना करा. दोन तासांच्या आत यायला 21.0975 ला 5:41 चा पेस पुरतो, पण घड्याळ शेवटी 21.3 दाखवणार असेल तर त्यावर सरासरी 5:38 दिसायला हवी. ‘5:40 धरली होती, तरी चाळीस सेकंदांनी हुकलं’ असं सांगणाऱ्यांचा हिशोब इथेच चुकलेला असतो. घड्याळातला ऑटो लॅप (दर किलोमीटरला आपोआप होणारी नोंद) बंद करा आणि खात्रीच्या शर्यतीत पाटीवर हाताने लॅप दाबा. मुंबईला हे नक्की करा. आणि वळण दिसलं की त्याच्या आतल्या कोपऱ्याकडे नजर ठेवून सरळ रेघेत धावा, मागच्याला आडवं न जाता. ही चोरी नाही, मार्ग याच रेघेवर मोजलेला असतो.

क्लबांना एक प्रत्यक्षातली सूचना. प्रत्येकाने काउंटर विकत घ्यायची गरज नाही. शेजारच्या तीन-चार गावांच्या क्लबांनी मिळून एक घ्या, एक स्टीलची टेप घ्या, दोन जणांना शिकवा आणि एकमेकांचे मार्ग मोजा. दुसऱ्या गावचा माणूस मोजतो तेव्हा ‘चालतंय की’ म्हणणारा कुणी नसतो, हा आणखी एक फायदा. अधिकृत प्रमाणपत्र हवं असेल तर मान्यताप्राप्त मापक बोलवावा लागेल, पण त्याच्या आधी ही तयारी झालेली असली तर त्याचं काम एका दिवसात आटोपतं. पाच किलोमीटरचीच शर्यत असेल तर काउंटरसुद्धा नको. अडीच किलोमीटरचा लूप 50 मीटरच्या टेपने 50 टप्प्यांत मोजून होतो. तीन माणसं, एक पहाट, एक वही. प्रत्येक टप्प्याला वहीत काडी मारा, कारण टेपने मोजताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एक अख्खा टप्पा मोजायचा विसरणं. तसं झालं की लूप 50 मीटर मोठा होतो आणि दोन फेऱ्यांना शंभर.

या हंगामात नाव नोंदवण्याआधी आयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचारा: मार्ग सायकलने मोजला का, मोजणी कोणत्या तारखेची आहे, आणि यू-टर्नची खूण कुठे नोंदवली आहे. तिसऱ्या प्रश्नाला खांबाचा नंबर मिळाला, तर डोळे मिटून पैसे भरा.