चालेल की नाही, एवढं तरी सरळ सांगा!

नवा गेम जाहीर झाला की 'मिनिमम रिक्वायरमेंट'चा, म्हणजे पीसी किमान कसा हवा याचा, तक्ता येतो आणि माझं डोकं फिरतं. प्रश्न साधा आहे: घरच्या पीसीवर हा चालेल का? सरळ उत्तर मिळेल तर शपथ!

'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' या गेमचंच घ्या. २०२४ साली आलेल्या तक्त्यात किमान पातळी कोणती, तर चित्र ७२० पी मध्ये (उभ्यात ७२० ठिपके, म्हणजे कमी बारकाव्यात) बनवायचं, ताणून १०८० पी करायचं आणि सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं. बरं, शिफारस केलेलं ग्राफिक्स कार्ड घेतलं तर? ६० फ्रेम, पण फ्रेम जनरेशन चालू ठेवून. म्हणजे मधल्या फ्रेम अंदाजाने भरलेल्या. फ्रेम मोजणारा काउंटर ६० दाखवतो, पण बटण दाबल्यावरचा जडपणा काही जात नाही. ही कसली शिफारस? पुढे गेमच्या कंपनीने मोफत बेंचमार्क, म्हणजे आपल्या पीसीवर गेम कसा चालेल ते तपासायचा प्रोग्राम, दिला, तेवढं मात्र मानलं पाहिजे. बाकीचे बहुतेक जण तेवढंही करत नाहीत.

लॅपटॉपवाल्यांचे हाल तर विचारूच नका. कार्डाचं नाव डेस्कटॉपसारखंच, पण वॅट कमी, म्हणून वेगही कमी. तक्त्यात बहुतेकदा त्याचा उल्लेखच नसतो.

अरे, लिहा ना स्पष्ट! अमुक कार्ड, अमुक सेटिंग, अपस्केलिंग (चित्र ताणणं) न करता एवढ्या फ्रेम. पोरं पॉकेटमनी साठवून प्री-ऑर्डर करतात, त्यांना पैसे भरायच्या आधी हे कळायलाच हवं.