पुणे ते रत्नागिरी, व्हाया आयनोस्फिअर

मोबाइल, इंटरनेट, वीज, सगळं बंद पडलं तरी आम्ही हॅम रेडिओवाले, म्हणजे घरून बिनतारी संदेश पाठवणारे हौशी लोक, निरोप पोचवतो, असं आम्ही ज्याला त्याला ऐकवत असतो. फक्त एक गोष्ट सांगत नाही. तो निरोप पाठवण्याआधी आम्ही एकमेकांना मोबाइलवर फोन करतो. "कोणत्या फ्रिक्वेन्सीवर येतेस? सात शून्य पन्नास? थांब, तिथे कुणीतरी गप्पा मारतंय."

पलीकडे रत्नागिरीतली माझी मैत्रीण, अलीकडे पुण्यात मी आणि माझ्या खुर्चीमागे सासूबाई. सासूबाई साताऱ्याच्या तार ऑफिसातून निवृत्त झाल्या. त्यामुळे आमच्या घरात या विषयातल्या तज्ज्ञ दोन, आणि एकमत शून्य.

पहिली अडचण भूगोलाची. १४ मेगाहर्ट्झवर सोडलेला सिग्नल रत्नागिरीच्या डोक्यावरून निघून जातो आणि थेट इटलीत उतरतो. तिथला कुणी भला माणूस लगेच उत्तरही देतो. "रत्नागिरीला जायचं तर इटलीला कशाला गेलीस?" सासूबाईंचा प्रश्न रास्त होता. म्हणून ७ मेगाहर्ट्झवर यायचं, अँटेनाची तार मुद्दाम कमी उंचीवर लावायची आणि सिग्नल सरळ वर फेकायचा. वर आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थराला, आपटून तो आसपासच्या दोन-चार जिल्ह्यांत पडतो, सह्याद्री आडवा येत नाही. आडव्या येतात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. गच्चीवर २० मीटर लांब, ताणलेली, स्वच्छ तार दिसल्यावर त्यावर ओली गोधडी टाकायची नाही, हा संयम कुणाकडून अपेक्षित ठेवावा?

गोधडी उतरवली की खरखर. शोधत शोधत गेले तर ती आमच्याच देव्हाऱ्यातल्या लुकलुकत्या एलईडी माळेच्या स्वस्तातल्या अडॅप्टरमधून येत होती. आता सासूबाईंना 'देवाची माळ बंद करा' हे कोणत्या सुनेने सांगायचं? मी नाही सांगितलं. आरती संपायची वाट बघितली.

मग मोडेमची, म्हणजे टाइप केलेला मजकूर रेडिओवरून धाडणाऱ्या यंत्राची, पाळी. जर्मन पॅक्टर मोडेम उत्तम, पण किंमत लाखाच्या पुढे. त्यामुळे एका स्पॅनिश हॅमने लिहिलेलं व्हारा (VARA) हे सॉफ्टवेअर आणि लॅपटॉपचं साउंड कार्ड यांवर आमचा संसार. ते मजकुराचे तुकडे करतं, प्रत्येक तुकडा आवाजात बदलून पाठवतं आणि सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखं पोचपावती हातात पडेपर्यंत पुढचा कागद हलवत नाही. पावती आली नाही की तोच तुकडा पुन्हा. वर आकाशातले थर हलत असतात. एकच सिग्नल दोन वाटांनी जातो, किंचित पुढेमागे पोचतो आणि स्वतःच्याच पायात पाय अडकवून पडतो. मग मोडेम वेग कमी करतो. आणखी कमी करतो. खुर्ररर, शांतता, खुर्ररर, शांतता.

"आमचं तारेचं कडकट्ट बरं होतं," मागून शेरा.

त्यात माझा मराठी बाणा. देवनागरीतली प्रत्येक खूण, अगदी कानामात्रासुद्धा, संगणकाच्या हिशेबात ३ बाइट खाते. 'नमस्कार' म्हटलं की २१ बाइट गेले. तेच रोमन लिपीत ८.

"आम्ही शब्दाला पैसे घ्यायचो," सासूबाई म्हणाल्या, "तुमचं यंत्र कान्याला घेतं. नमस्कार काढ. तारेत नमस्कार कुणी घालत नाही." नमस्कार काढला. 'कशी आहेस' काढलं. 'बरेच दिवसांत' पण गेलं. उरलं एवढंच : 'आंबे कधी.'

गेलं. पोचपावती आली. मी टाळी द्यायला हात पुढे केला, तेवढ्यात मोबाइल वाजला. "अगं, मिळाला मेसेज! उत्तर रेडिओवर देऊ की फोनवरच सांगू?"

रेडिओवर दे म्हटलं, तोवर दिवस मावळला. सूर्य गेला की वरचा थर विरळ होतो आणि ७ मेगाहर्ट्झचा सिग्नल सरळ वर फेकला तर परत येत नाही, आरपार अवकाशात जातो. आमच्या आंब्यांचं उत्तरही तिकडेच गेलं. रात्री साडेतीन मेगाहर्ट्झ हवा. त्याला तार दुप्पट, ४० मीटर. म्हणजे एक टोक बी विंगच्या गच्चीवर, आणि बी विंग म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. आधीच्या तारेचीच परवानगी त्यांनी तीन मीटिंगा लोंबकळत ठेवली होती.

सासूबाईंनी चष्मा पुसला. "ते मूळचे साताऱ्याचेच ना? मग मी बोलते. लग्नाआधीच्या त्यांच्या सगळ्या तारा माझ्याच हातून गेल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी स्वतः शिडी धरून उभे होते.