आधी ‘नेव्ही’ कोणती ते ठरवा

बेपत्ता नौसैनिक आजोबांच्या शोधावरचा लेख चांगला आहे, पण थेट लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजकडे जायचा सल्ला पटला नाही. तिथली एडीएम १८८ ही नोंदवही ब्रिटिश रॉयल नेव्हीच्या खलाशांची. रॉयल इंडियन नेव्हीतला, म्हणजे ब्रिटिश काळातल्या भारतीय नौदलातला माणूस तिच्यात सापडणार नाही. १९३४ आधीची नोकरी असेल तर कागदावर या नौदलाचं जुनं नाव, ‘रॉयल इंडियन मरीन’ असेल.

त्याही आधीची पायरी म्हणजे ते नौदलातच होते का, हे बघणे. घरात ‘नेव्हीत होते’ म्हणतात आणि माणूस निघतो मालवाहू जहाजावर आगवाला, म्हणजे बॉयलरची भट्टी सांभाळणारा. दोन्हींची दप्तरं पूर्ण वेगळी. जुना फोटो असेल तर टोपीवरची पट्टी भिंगाखाली बघा, पण युद्धकाळात सुरक्षेसाठी पट्टीवरून जहाजाचं नाव काढलेलं असे. पेन्शनचे कागद किंवा डिस्चार्ज बुक (खलाशाच्या नोकरीच्या नोंदींची वही) मिळालं तर त्यावरचा नोकरीचा नंबर आधी टिपा. नावापेक्षा तोच उपयोगी.

युद्धात मृत्यू झाला असेल तर युद्धातल्या मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साइट फुकट आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी तिथे ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ एवढ्याच काळातले मृत्यू आहेत, आणि व्यापारी जहाजावरच्यांचा मृत्यू युद्धामुळे झालेला असावा लागतो. आडनावाने शोधून बहुतेक जण इथेच अडकतात. कित्येक खलाशांची नोंद एकट्या नावावर आहे, स्पेलिंगही कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं. जहाजाचं नाव आणि तारीख धरून यादी काढा, मग वडिलांचं नाव आणि गाव जुळवा. समुद्रात मृत्यू आलेल्यांची नावं मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकात आहेत.